ती टिटवी जखमी नव्हती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात शेवटच्या पानावर एक चार कॉलमी फोटो आला होता. माळावर एक टिटवी, उजवा पंख जमिनीवर लोळतोय, शेपटी फाकलेली, चोच उघडी, आणि खाली कॅप्शन अशी की ही जखमी टिटवी जगण्यासाठी धडपडतेय. फोटो छानच आहे, फोकस अगदी डोळ्यावर आहे, काढणाऱ्याने मेहनत घेतलीय हे दिसतं. पण ती टिटवी जखमी नव्हती हो. तिला काही म्हणजे काहीही झालेलं नव्हतं. फोटो काढणारा तिच्या अंड्यांच्या नाहीतर पिल्लांच्या फार जवळ जाऊन उभा होता आणि ती त्याला तिथून लांब काढायला बघत होती. हे पत्र त्यासाठीच लिहितेय. जरा लांबलंय, कापायचं झालं तर शेवटचं थव्यांबद्दलचं कापा, पण अंड्यांबद्दलचं कृपा करून कापू नका.

मी नोकरी करणारी बाई आहे, पक्षी बघते, आणि गेली चौदा वर्षं सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून एकाच माळावर जाऊन बसते. नवीन पक्ष्यांच्या मागे फारशी फिरत नाही. टिटवी, माळटिटवी, धाविक, करवानक, हिवाळ्यात येणारे सोनचिखल्या, ह्या सगळ्यांना पुस्तकात वेडर किंवा शोअरबर्ड म्हणतात, म्हणजे नाव पाण्याकाठच्या पक्ष्यांचं आणि ह्यांच्यातले कितीतरी सगळा जन्म कोरड्या गवतात काढतात. पाण्यापेक्षा ह्यांना मोकळी जमीन हवी असते, जिथून चारी बाजूंनी येणारा दिसेल अशी. आणि जागा अशी उघडी असल्यामुळेच त्यांचं सगळं वागणंही उघड्यावर चालतं, झाडीतल्या पक्ष्यासारखं पानाआड काही नाही. बसून राहिलं की सगळं दिसतं.

आता तो फोटो परत काढून बघा. पक्ष्याचं अंग कॅमेऱ्याकडे पाठ करून आहे आणि मान मागे वळवून डोळा थेट कॅमेऱ्यावर आहे. खरंच पंख मोडलेला पक्षी असं करत नाही. तो गवताच्या बुडाशी शिरतो, अंग चोरून घेतो आणि आवाज करत नाही, कारण आपण दुबळे झालोय हे दुसऱ्याला कळणं म्हणजे मरणच. जी टिटवी मोकळ्यावर येऊन, समोर पडून, ओरडून ओरडून माझा पंख मोडलाय बघा म्हणतेय, ती तुम्हाला बोलावतेय. तुम्ही चार पावलं तिच्या मागे गेलात की ती चार पावलं पुढे फरफटते, परत मागे बघते, तुम्ही येताय ना. येत नसाल तर ती परत तुमच्या जवळ येते आणि आणखी जोरात लोळायला लागते. आणि पुरेसं लांब नेलं की तो मोडका पंख एकदम बरा होतो, उडून मोठा वळसा घालून ती भलतीकडेच उतरते.

पूर्वी पुष्कळ जण असं मानायचे की हे सगळं भीतीने होतं, पळू की अंड्याजवळ थांबू ह्या ओढाताणीत पक्ष्याला झटका आल्यासारखं होतं आणि त्यात समजून उमजून काही नाही. नंतर अमेरिकेत कॅरोलिन रिस्टाऊ ह्या बाईंनी १९८० च्या दशकात तिथल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पायपिंग प्लव्हर नावाच्या छोट्या चिखल्यावर बारीक निरीक्षणं केली, माणसं मुद्दाम घरट्याच्या बाजूने चालवली आणि पक्षी कुठे जातो ते मांडलं. पक्षी बहुतेक वेळा अशाच बाजूला फरफटत जायचा की मागे येणारा माणूस घरट्यापासून लांब जाईल. मागे वळून बघायचा. आणि जो माणूस आधी घरट्याच्या अगदी जवळ गेला होता तो आणि जो लांबूनच गेला होता तो, ह्या दोघांमधला फरकही त्याला कळायचा, पहिल्याला तो जास्त घाबरायचा. मी हे वाचलं तेव्हा मला माझ्या माळावरची एक जोडी आठवली. गुराख्याचा पोरगा रोज पंधरा पावलांवरून जायचा तेव्हा ती जोडी नुसती मान वर करायची, आणि मी लांब जरी उभी राहिले तरी डोक्यावर येऊन कलकलाट. तो चालत पुढे जायचा आणि मी थांबून बघायचे, हाच काय तो फरक.

समोर कोण आहे त्यावर सोंग बदलतं ही मला ह्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. कुत्रा, कोल्हा, मुंगूस आला, म्हणजे जो खाणारा आहे, तर त्याला मोडका पंख दाखवायचा, कारण तो सोप्या शिकारीच्या मागे जाईल. पण गाय आली तर? गायीला टिटवी खायची नाहीये, तिच्यापुढे पंख मोडून काय उपयोग, ती तशीच चरत चरत येऊन अंड्यांवर पाय देणार. तिथे पक्षी उलटं करतो, अंड्यांजवळून हलतच नाही, पंख फाकवून, शेपटी वर करून, ओरडत गायीच्या तोंडासमोर उभा राहतो, वेळ आली तर अंगावर धावून जातो. अमेरिकेतला किलडिअर नावाचा चिखल्या ह्यासाठी प्रसिद्ध आहे, पण मी स्वतः टिटवीला शेळ्यांच्या पुढे असं उभं राहिलेलं बघितलंय आणि अख्खा कळप मधे जागा सोडून दोन्ही बाजूंनी गेला, नदीत दगड असावा तसा. हवेतून घार आली तर हे दोन्ही नाही, सरळ उडून तिच्या पाठीवर. आणि तिसरं एक आहे जे फार थोड्यांनी बघितलं असेल, खोटं बसणं. पक्षी मुकाट्याने एका जागी जातो, अंग हलवून अंड्यांवर बसल्यासारखा बसतो, आपल्याला वाटतं सापडलं घरटं, तिथे जाऊन बघावं तर नुसती माती.

घरटं म्हणजे तरी काय, वीतभर खळगा. कडेने बारके खडे, शेळीच्या लेंड्या, मातीची ढेकळं. त्यात बहुतेक वेळा चार अंडी, मातकट रंगावर काळे ठिपके, एका टोकाला निमुळती, आणि चारींची टोकं आत मधोमध जुळवलेली, म्हणजे एवढ्याशा पक्ष्याच्या पोटाखाली चारही मावतात. दोघंही आळीपाळीने बसतात, साधारण २८ ते ३० दिवस. आणि हे सगळं कधी, तर मुख्यतः मार्च ते ऑगस्ट, म्हणजे पहिल्या खेपेची अंडी ऐन उन्हाळ्यात, सावली नाही काही नाही अशा जागी.

आता मी बघितलेलं एक दुपारचं सांगते, माझ्या वहीत वेळेसकट लिहिलेलं आहे. मे महिना, सकाळी दहापासून मी एका बोराटीच्या झुडपाआड बसले होते, घरट्यापासून ऐंशी मीटर तरी असेन, बायनॉक्युलर आठ बाय बेचाळीसचा. साडेअकराला बसलेल्या टिटवीने बसणं सोडलं आणि अंड्यांवर उभी राहिली. पंख अंगापासून थोडे सैल, चोच उघडी, गळा थडथड हलतोय. ऊब द्यायचं काम संपून आता सावली धरायचं काम चालू झालं होतं. सूर्य सरकेल तशी तीही सरकत होती, कायम पाठ उन्हाकडे. पावणेबाराला जोडीदार आला. उडत थेट घरट्यावर नाही आला, तीस-चाळीस पावलं लांब उतरला, मग चार पावलं चाल, थांब, उगाच चोच मार, परत चार पावलं. त्याच्या पोटाची पिसं ओली होती, काळपट चिकटलेली. कुठेतरी पाण्यात पोट बुडवून आला होता. पहिली बाजूला झाली, जाता जाता चोचीने एक खडा उचलून खांद्यावरून मागे टाकला, आणि तो ओलं पोट घेऊन अंड्यांवर बसला. मी बायनॉक्युलर खाली ठेवला आणि दोन मिनिटं नुसती बसले, इतकं बरं वाटलं.

बारा दहाला दोघे जण मोटरसायकलवरून आले, मोठे कॅमेरे. टिटव्यांनी आकाश डोक्यावर घेतलं, साहजिक ते तिकडे वळले. एक जण खाली आडवा झाला फोटोसाठी. त्यांना अंडी दिसलीसुद्धा नव्हती, त्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणणार नाही, त्यांना वाटलं पक्षी किती जवळ येतोय आपल्या. मी उठून तिथपर्यंत जाऊन त्यांना सांगून बाजूला नेईपर्यंत आणि टिटवी परत अंड्यांवर येईपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. अंड्यातला जीव ३७-३८ अंशांना वाढतो, चाळीसच्या वर गेलं की त्याला फार वेळ सोसत नाही, आणि मे महिन्यातल्या दुपारच्या उघड्या मातीला ५० अंशांच्या वर चटका असतो, अनवाणी पाय टेकवून बघा. त्या घरट्यातल्या चारपैकी दोनच अंड्यांतून पिल्लं बाहेर आली.

पिल्लांचंही असंच. अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच ती घरटं सोडून आईबापांच्या मागे चालायला लागतात, चिमणीच्या पिल्लासारखी भरवून घेत बसत नाहीत. आईने इशाऱ्याचा आवाज काढला की जिथे असतील तिथे जमिनीला चिकटतात आणि हलत नाहीत. मी एकदा डोळ्यासमोर बसलेलं पिल्लू, नजर एकदा काढल्यावर परत शोधायला दहा मिनिटं लावली होती आणि ते त्याच जागी होतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर टिटवी कलकलाट करत असेल तर तुमच्या पुढच्या पावलाखाली पिल्लू असू शकतं. पुढे जाऊच नये, आलो त्याच पावलांनी मागे फिरावं.

मला लोक विचारतात की तू त्याच त्याच टिटव्या काय बघतेस. म्हणून हद्दीबद्दल थोडं लिहिते, कारण हे कळलं की माळ वेगळाच दिसायला लागतो. फेब्रुवारीपासून टिटव्यांच्या जोड्या माळ वाटून घेतात. आपल्याला एकसारखं पिवळं गवत दिसतं, त्यांच्या हिशेबाने तिथे शिवार पाडलेले असतात. माझ्या माळावर दोन जोड्यांची शीव एका वारुळापासून एका पांढऱ्या दगडापर्यंत जाते, साठेक पावलं असेल. शीवेवर दोन नर समोरासमोर आले की आपल्याला वाटतं आता जुंपणार. पण बहुतेक वेळा जुंपत नाही. दोघं एकमेकांना समांतर चालायला लागतात, मधे तीन-चार फूट अंतर ठेवून, एक थांबला की दुसरा थांबतो, वारुळापर्यंत गेले की दोघं वळतात आणि परत दगडाकडे. छाती पुढे, मान ताठ. आणि मधेच दोघांपैकी एक जण खाली वाकून टिपायला लागतो. मी हे जवळून बघितलंय, चोच जमिनीला लागते पण काही उचलत नाही, गिळण्याची हालचालही नाही, नुसती टोचाटोची. भांडणाच्या मधे ह्याला भूक कुठून लागली? तर लागलेली नसतेच. पुढे जावं की मागे फिरावं हे ठरत नाही तेव्हा प्राणी असं तिसरंच काहीतरी करतात, निको टिनबर्गन ह्यांनी ह्यावर खूप काम केलं, प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठी ज्यांना १९७३ साली नोबेल मिळालं त्या तिघांपैकी ते एक. अगदी हातघाईवर आलं तर हवेत छातीला छाती भिडते. टिटवीच्या पंखाच्या कोपऱ्यावर एक बारका काटा असतो, तो एरवी पिसांत लपलेला असतो.

एकदा असंच चालणं जोरात चालू होतं आणि गवतातून मुंगूस निघालं. दोन्ही जोड्या, चारही पक्षी, एका क्षणात भांडण टाकून त्याच्यावर. शीवबिव काही राहिली नाही, ह्यांच्या हद्दीत ते आणि त्यांच्या हद्दीत हे. मुंगसाला पार ओढ्याच्या घळीत घालवलं आणि परत आले ते आपापल्या बाजूला उतरले, दोन मिनिटं पिसं साफ केली आणि वारुळापासून परत चालायला सुरुवात.

पक्ष्यांमधली ही हद्द नावाची गोष्ट जगापुढे नीट मांडली ती एलियट हॉवर्ड ह्या इंग्रज माणसाने, १९२० साली. ते काही विद्यापीठातले नव्हते, पोलादाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि पहाटे कामाआधी पक्षी बघायचे. त्यांनी ज्या पक्ष्यांच्या हद्दींचे नकाशे काढले त्यात तिकडची तुऱ्याची टिटवीसुद्धा आहे, एका ओलसर कुरणातली. त्यात त्यांनी टिपलेली एक गोष्ट मला फार आवडते. हिवाळा संपताना थव्यातले नर एकेक करून आपली जागा धरायला लागतात, पण एकदम थवा सोडत नाहीत. दिवसातला काही वेळ आपल्या जागेवर जाऊन शेजाऱ्याशी भांडतात, आणि मग परत कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागी येऊन त्याच शेजाऱ्याबरोबर शांतपणे थव्यात चरतात. मी माझ्या माळावर फेब्रुवारीत नेमकं हेच बघते, सकाळी आठला वैरी आणि दहाला ओढ्याकाठी एकाच घोळक्यात.

मादीला दाखवायचे खेळ टिटवीत तसे साधेच असतात. नर पिसं फुलवून, चोच आभाळाकडे करून तिच्याभोवती सरकत सरकत फिरतो. मग जमिनीला छाती टेकवून पायाने माती मागे उडवतो, खळगा करतो, बाजूचे खडे खांद्यावरून आत टाकल्यासारखे करतो, तिला जागा दाखवतो, तिला नाही पटली की दुसरीकडे परत हेच. माळावर असे अर्धवट सोडलेले खळगे खूप सापडतात. ह्याच पक्ष्यांच्या गोतावळ्यात याहून कितीतरी थाटाचे खेळ आहेत. पाणलावा उंचावरून सूर मारतो तेव्हा त्याच्या शेपटीची कडेची पिसं वाऱ्यात थरथरून शेळीच्या बें बें सारखा आवाज येतो, गळ्यातून नाही. आणि हिवाळ्यात आपल्याकडे चिखलात साध्या करड्या अंगाने फिरणारा रफ, तो उत्तरेकडे गेल्यावर गळ्याभोवती मोठी झालर फुगवून गवताळ मैदानात नरांचा आखाडा भरवतो. त्यात तीन तऱ्हेचे नर असतात, जागा धरून भांडणारे, पांढुरक्या झालरीचे जे भांडत नाहीत आणि दुसऱ्याच्या जागेवर आश्रयाने राहतात, आणि तिसरे अगदी थोडे, जे हुबेहूब मादीसारखे दिसतात आणि त्या गर्दीत मिसळून आपलं काम साधतात. हे तीन प्रकार जन्मजात, जनुकांतून आलेले असतात हेही आता नक्की झालंय. हे बघायला तिकडेच जायला हवं, पण आपल्या टिटवीचं खडे फेकणं बघायला फक्त पहाटे उठावं लागतं.

आता थव्यांबद्दल. पिल्लं मोठी झाली, पाऊस सरला की त्याच हद्दीसाठी जीव टाकणाऱ्या टिटव्या एकत्र होतात, कधी शंभर-दीडशेसुद्धा. गवतात डोकं खाली घालून खाताना एकट्याला सारखं वर बघावं लागतं, थव्यात कुणी ना कुणी वर बघत असतंच, त्यामुळे प्रत्येकाला खायला जास्त वेळ मिळतो. कडेचे पक्षी जास्त वेळा मान वर करतात आणि मधले कमी, हे तुम्ही घड्याळ लावून मोजू शकता, शाळेतली मुलंसुद्धा मोजू शकतील. माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी गवताला लागून तरंगत येतो, तो आला की टिटव्या उठून त्याच्या वर जातात आणि तो पुढे सरकला की परत बसतात, फार गडबड नाही. पण ससाणा आला तर पूर्ण वेगळं. थवा मुठीसारखा आवळतो आणि एकदम वळतो, पोटाचा पांढरा रंग एकदा चमकतो आणि जातो. ससाण्याला एकटा पडलेला पक्षी हवा असतो आणि तो मिळत नाही. मी आकाशात बघायच्या आधी थव्याकडे बघते, कोण आलंय ते थव्याच्या आकारावरून कळतं.

थव्यातही सगळं प्रेमाचं नसतं बरं का. इंग्लंडमधल्या कुरणांवर १९८० च्या दशकात ह्यावर अभ्यास झाला. तिथे हिवाळ्यात टिटव्या आणि सोनेरी चिखले गांडुळं खायला उतरतात आणि त्यांच्यात काळ्या डोक्याचे सीगल येऊन ठराविक अंतरावर उभे राहतात. टिटवीने मोठं गांडूळ ओढून काढलं की सीगल तिच्यावर झेप घेतो आणि ते हिसकावतो. मग टिटव्यांनी सीगल आले की निघूनच जावं ना? पण सीगलची नजर तेज, शिकारी पक्षी लांबून दिसला की ते आधी ओरडतात, म्हणजे चोर जो आहे तोच राखणही करतो.

सोनचिखल्याचं तर आणखी वेगळं. हा पक्षी सैबेरिया-अलास्काकडे अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्याकडेही येतो, पॅसिफिकच्या बेटांवरही जातो. अलास्काहून हवाईला जाणारे सुमारे ४८०० किलोमीटर पाण्यावरून न थांबता तीन-चार दिवसांत उडतात, आणि तिथे पोचल्यावर त्यातले कित्येक मागच्या वर्षी धरलेल्या त्याच हिरवळीच्या तुकड्यावर येऊन उतरतात आणि दुसऱ्या सोनचिखल्याला तिथे पाय ठेवू देत नाहीत. दिवसभर हद्द, आणि रात्री झोपायला मात्र सगळे एकत्र. तेव्हा हा पक्षी एकलकोंडा की थव्यात राहणारा, असं मला कुणी विचारलं तर मी विचारते, किती वाजता?

आणि थवे बघताना एक लक्षात ठेवा, टिटव्यांच्या घोळक्यात कधीतरी एखादी वेगळी असते, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई, काळी टोपी, पाय काळे. ती सोशिएबल लॅपविंग, टिटवीचीच एक वेगळी जात. कझाकस्तानच्या गवताळ मैदानातून येते आणि २००४ पासून जगभरातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. घाईत बघणाऱ्याला ती दिसत नाही, टिटव्याच आहेत म्हणून गाडी पुढे जाते. मला चौदा वर्षांत एकदाच दिसली, आणि तीही मी दोन तास त्याच थव्यासमोर बसले होते म्हणून.

वाचकांपैकी कुणाला बघायचं असेल तर एवढंच सांगते की चालू नका, बसा. झुडपाआड, खाली, आणि आल्यानंतरची पहिली वीस मिनिटं सोडून द्या, कारण त्या वेळात पक्षी आपल्यालाच बघत असतात. नोंद करताना एक अडचण येते, आपला डोळा कायम ओरडणाऱ्या, भांडणाऱ्या पक्ष्याकडे जातो आणि वहीत सगळी भांडणंच भरतात, नुसता उभा असलेला पक्षी कुणी लिहितच नाही. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक जीन ऑल्टमन ह्यांनी १९७४ साली ह्यावरच लिहिलं आणि प्राण्यांचं वागणं टिपणारे सगळे अजून तेच वापरतात, एकतर एकच पक्षी धरून ठरलेला वेळ फक्त त्याचंच लिहायचं, नाहीतर दर पाच मिनिटांनी सगळ्या थव्यावरून एकदा नजर फिरवून कोण काय करतंय ते लिहायचं. मी दुसरं करायला लागले तेव्हा मला कळलं की माझ्या भांडखोर टिटव्या दिवसातला बराचसा वेळ नुसत्या उभ्या असतात.

आणि जवळ किती जायचं हे पक्षीच सांगतो. टिटवीने मान एकदा झटक्याने वर करून खाली घेतली, परत वर, की समजायचं आपण नजरेत आलो, तिथेच थांबायचं. ती घरट्यावरून उठून चालायला लागली तर आपण जास्त पुढे आलोय, मागे व्हायचं. आणि पंख मोडलेला दिसला तर फोटोचा विचारच करायचा नाही.

संपादक महोदय, माझ्या आपल्याकडे दोन मागण्या आहेत. मार्च ते ऑगस्टमध्ये जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचे फोटो आपल्याकडे आले तर छापण्याआधी पक्षी बघणाऱ्या कुणालातरी एकदा दाखवा, आणि छापलेच तर जागेचं नाव देऊ नका, कारण रविवारी नाव आलं की सोमवारपासून तिथे गाड्या लागतात. आणि दुसरी म्हणजे तोच फोटो परत छापा. तेवढाच मोठा, त्याच पानावर. खाली फक्त एवढं लिहा की ही टिटवी धडधाकट आहे आणि फोटो काढणाऱ्याच्या पायाजवळ कुठेतरी तिची अंडी आहेत.

आपली,
एक नियमित वाचक